तारीख उलटून गेल्यावर

रविवारची रात्र आहे, साडेअकरा वाजलेत. डॉक्टरांनी दिलेली तारीख गेल्या सोमवारची होती. म्हणजे आज सहावा दिवस. बायको पलीकडच्या खोलीत डाव्या कुशीवर पडून आहे. तिला झोप लागत नाही, आणि मलाही. उद्या सकाळी आठ वाजता दवाखान्यात भरती व्हायचं आहे. बॅग दाराशी भरून ठेवली आहे. ती तीनदा उघडून पुन्हा भरून झाली. आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही कोंढव्यात भाड्याने राहतो. या फ्लॅटमध्ये नऊ बाय आठची एक छोटी खोली आहे. आजवर तिच्यात जुना कूलर, गाद्या, पुस्तकांचे खोके आणि इस्त्रीचं टेबल होतं. तीन महिन्यांपूर्वी मी ठरवलं की ही खोली बाळाची करायची. मिरजेला फोन करून अब्बांना उत्साहाने सांगितलं, "अब्बा, नर्सरी करतोय." अब्बा जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "नोकरी सोडली काय? रोपं विकून पुण्यात भागतं का?"

त्यांचा दोष नाही. आमच्या भागात नर्सरी म्हणजे रोपवाटिका. मी जन्मलो ते घर दोन खोल्यांचं होतं आणि त्यात आम्ही सातजण राहत होतो. बाळासाठी वेगळी खोली ही कल्पनाच आमच्या घराला नवीन. तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही असंच असेल. म्हणून आधीच सांगतो, बाळाला खोली लागते असं मला या लेखात म्हणायचं नाही. बाळाला काय लागतं हे कळायला मला फार उशीर लागला, त्याबद्दल लिहायचं आहे.

अब्बा चाळीस वर्षं रंगारी होते. नर्सरी म्हणजे काय हे कळल्यावर ते आपले ब्रश आणि पत्रे पिशवीत घालून आले. पूर्वेच्या भिंतीला ओल होती. अब्बांनी भिंतीवर हात ठेवला आणि सांगितलं, ही वाळल्याशिवाय रंग नाही. जुना रंग खरवडायचा तर सुनेला चार दिवस बहिणीकडे पाठवा, हेही त्यांनीच सांगितलं. जुन्या रंगात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या थरांची धूळ गरोदर बाईने आणि बाळाने श्वासात घेऊ नये. हे शास्त्र अब्बांनी वाचलेलं नाही. पण बरोबरीचे कारागीर कशाने आजारी पडायचे हे त्यांनी पाहिलं आहे.

खरवडणं, लांबी, घासणं, प्रायमर. मी ऑफिसातून आलो की बाही दुमडून अब्बांबरोबर लागायचो. मला खूप बरं वाटायचं. आपण बाप होण्याची तयारी करतोय, असं वाटायचं.

मग तारीख आली आणि गेली.

फोन

तारीख उलटली की आपल्या समाजात फोन सुरू होतात. "झालं का?" "अजून नाही?" "डॉक्टर काय म्हणतात?" खालांचे, फुफींचे, मिरजेच्या शेजारणींचे. प्रत्येकीकडे एक उपाय. एरंडेल पाज. खजूर जास्त दे. जिने चढव. फरशी पुसायला लाव. आणि प्रत्येक तिसऱ्या फोनला एक भाकीत, "मुलगाच असणार बघ, मुलंच उशीर करतात."

या बायकांची माया खोटी नाही. पण उपायांचं खरं-खोटं तपासायला हवं. एरंडेलाने जुलाब लागतात, अंगातलं पाणी कमी होतं. ते डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. आणि मुलगा-मुलीचं भाकीत ऐकायला गमतीचं असलं तरी त्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला माहीत आहे. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. हे कायदे करावे लागले, याचा अर्थ हा प्रश्न गमतीचा नव्हता. आपल्याकडे असं होत नाही, असं आपण छातीठोकपणे सांगतो. पण मुलगी झाल्यावर "चला, अल्लाची रहमत" हे वाक्य किती वेळा समजूत काढण्याच्या सुरात म्हटलं जातं ते आठवून पाहा.

अकिक्याचा हिशेबही घरात आधीच सुरू झाला होता. मुलगा असेल तर दोन बकरे, मुलगी असेल तर एक. मालिकी परंपरेत मुलगा-मुलगी दोघांसाठी एकच मानतात, हे मी घरात सांगितलं तेव्हा सगळे चकित झाले. आम्ही दोघांनी ठरवलंय की काहीही झालं तरी एकच. कुणी नाराज झालं तर होऊ दे.

तारीख म्हणजे काय

आता त्या तारखेबद्दल. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून ती काढतात. हा हिशेब नेगेले नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो आणि तो एकोणिसाव्या शतकातला आहे. आता सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून तारीख पक्की करतात. तरीही नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. पहिलं बाळ तर बऱ्याचदा तारखेनंतर येतं. म्हणजे तारीख उलटली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

पण निवांत बसायचंही कारण नाही. हा दुसरा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही. ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळाला धोका हळूहळू वाढत जातो. तो थोडाच असतो, पण वाढतो. म्हणून तारखेनंतर बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, गर्भाभोवतीचं पाणी पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की, ४१ आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल तर कळा सुरू करण्याचा उपचार द्यावा. आणि कोणत्याही दिवशी बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

हे सगळं मला आज माहीत आहे. गेल्या बुधवारी माहीत नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं.

बुधवार

बुधवारी बायकोची तपासणी होती. त्याच दिवशी भिंत वाळली होती आणि प्रायमरचा दुसरा हात मारायचा होता. मी सुट्टी घेतली होती ती रंगासाठी. तिला म्हणालो, "आपाबरोबर जाऊन येतेस का? तेवढ्यात इथलं उरकतो." ती काही बोलली नाही. बहिणीबरोबर रिक्षाने गेली. संध्याकाळी आली, खोलीच्या दारात उभी राहिली. मी कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं.

ती म्हणाली, "पाणी थोडं कमी झालंय. शुक्रवारी परत बोलावलंय. तुला ही भिंत दिसते, मी दिसत नाही."

मी चिडलो. हे सगळं कुणासाठी करतोय, असं विचारलं. आपण पुरुष ज्या वाक्याने भांडण जिंकायचा प्रयत्न करतो तेच वाक्य. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

अब्बा तिथेच होते. ब्रश धूत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मान वर न करता म्हणाले, "तेरे पयले एक लडकी हुई थी."

एकोणतीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. पहिलं बाळंतपण अम्मीच्या माहेरी, गावात होतं. तारीख उलटून दोन आठवडे झाले होते. अब्बा इचलकरंजीला एका बंगल्याचं काम करत होते. कुणी त्यांना कळवलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही, कारण बाळंतपण हा बायकांचा मामला. अम्मीने दोन दिवस सांगितलं की पोटात हालचाल नाही. मोठ्या बायका म्हणाल्या, दिवस भरले की बाळ शांत होतं. बाळ मृत जन्मलं. अब्बा पोहोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. सगळे म्हणाले, अल्लाची मर्जी. अब्बाही तेच म्हणाले आणि सोमवारी कामावर हजर झाले.

"तेव्हा काही करता आलं असतं का, ते मला माहीत नाही," अब्बा म्हणाले. "पण मी विचारलं नाही, एवढं माहीत आहे. तुझ्या अम्मीला मी त्यानंतरही कधी विचारलं नाही."

मग त्यांनी ब्रश कागदात गुंडाळले आणि मला सांगितलं, "रंग मी करतो. तू आत जा."

विचारायचं कुणाला

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. बायको शाळेत गणित शिकवते. तिने वहीच्या पानावर प्रश्न लिहून नेले होते. उपचार कधी सुरू करणार, कशाने करणार, आधी जेल की थेट सलाइन, किती तास वाट पाहणार, सिझेरियनचा निर्णय कोणत्या कारणाने घेणार. डॉक्टरांनी नीट उत्तरं दिली. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रश्न ती विचारत होती आणि उत्तरं मला मिळत होती. शेवटी डॉक्टर मला म्हणाले, "मग काय ठरवलंत तुम्ही?"

मी म्हणालो, "तिला विचारा."

हे सांगून मला शाबासकी नको आहे. दोन दिवस आधी मी स्वतःच तिला विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर पुन्हा फोन. "दवाखानेवाले पैशासाठी घाई करतात, थांबा." "इंजेक्शनने कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं." "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं." गरज नसताना सिझेरियन केली जातात, ही तक्रार खोटी नाही. त्यावर दवाखान्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण तो जाब माहिती घेऊन विचारायचा असतो. कारण विचारा, आकडा विचारा, आलेख दाखवायला सांगा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. "अल्लावर सोडा" हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, ही शिकवण लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तपासणीची तारीख पाळणं म्हणजे उंट बांधणंच.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर बायकोने ठरवलं की ४१ आठवडे पूर्ण होतात त्या दिवशी, म्हणजे सोमवारी भरती व्हायचं. निर्णय तिचा. शरीर तिचं, जोखीम तिची, मग निर्णय दुसऱ्या कुणाचा कसा असेल?

खोलीपेक्षा आधीची तयारी

ज्यांच्या घरी पुढेमागे बाळ येणार आहे त्यांच्यासाठी, विशेषतः तरुण मुलग्यांसाठी, मला कळलेल्या काही गोष्टी लिहितो. यातल्या एकीलाही वेगळी खोली लागत नाही.

पैसे नाहीत म्हणून तपासणी टाळू नका. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची प्रसूती, त्यात सिझेरियनही आलं, औषधं, तपासण्या, जेवण आणि ने-आण मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. वस्तीतल्या आशाताईंचा नंबर फोनमध्ये असू द्या. हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध. पहिलं पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते टाकून द्यायचं नाही. मध चाटवायचा नाही, एक वर्षापर्यंत नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. डोळ्यांत सुरमा-काजळ नको, काहींमध्ये शिसं असतं. तिच्या अम्मीने मायेने राईची उशी शिवून पाठवली आहे. ती मी कपाटात ठेवली आहे. बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवायचं, उशी नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. अम्मींना हे समजावणं माझं काम आहे, बायकोचं नाही.

कानात अजान मी देणार आहे, त्याची मला फार उत्सुकता आहे. पण अजान दिली म्हणजे बापाचं काम झालं, असं होत नाही. चाळीस दिवस बाळंतिणीने आराम करायचा, असं आपण म्हणतो. त्या चाळीस दिवसांत रात्री दुपटी कोण बदलणार, हे कुणी म्हणत नाही. २०१७ मध्ये मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस पितृत्व रजा मिळते. माझ्यासारख्या खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. ही मागणी आपण तरुणांनी लावून धरली पाहिजे. तोवर मी साठवलेली रजा वापरतोय. भिंतीसाठी एक दिवस कमी केला नसता तर तेवढीच वाढली असती.

आणि कागद. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. दवाखान्यात जन्म झाला तर माहिती दवाखाना पाठवतो, पण नावं नीट लिहिली आहेत का हे आपण पाहायचं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर 'मोहम्मद' आहे, आधारवर 'मोहंमद' आणि रेशनकार्डावर 'महंमद'. एका मात्रेसाठी मी किती खिडक्यांपुढे उभा राहिलोय ते मलाच माहीत. मुजावर, बागवान, शिकलगार, अत्तार, कुणाचंही आडनाव असो, मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग आधी कागदावर लिहून ठेवा आणि तेच सगळीकडे द्या. नाव ठरलं नसेल तर घाई नको. नोंद नावाशिवायही होते आणि १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं.

आणखी एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लिहायचं आहे. घरात एकजण म्हणाले, "आपल्यात असं नसतं." मी त्यांना विचारलं, आपल्यात म्हणजे कशात? नऊ महिने जिने चढायला कोण, आणि नाव लिहायला कोण? बायको यावर फक्त हसली. म्हणाली, "शाळेत हजेरी घेताना मला हे नाव वाचायला आवडेल."

उद्या

खोली तयार आहे, जवळजवळ. तीन भिंती फिकट पिवळ्या झाल्या. पूर्वेच्या भिंतीवर एकच हात बसलाय, खालच्या कोपऱ्यात ओल पुन्हा दिसते. अब्बा म्हणतात, पावसाळा गेल्यावर बघू. पाळणा आपांकडून आणलाय, त्यात त्यांची दोन मुलं वाढली. तो आम्ही आमच्याच पलंगाशेजारी ठेवला आहे, कारण पहिले काही महिने बाळ आईजवळच झोपणार. म्हणजे मी तीन महिने खपून केलेल्या खोलीत बाळ अजून बरेच दिवस झोपणारही नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आज दुपारी अब्बांनी अम्मींना मिरजेहून बोलावून घेतलं. संध्याकाळी दोघं त्या खोलीत बसले होते, रंगाच्या डब्यांमध्ये. दार अर्धं उघडं होतं. अब्बा काहीतरी विचारत होते आणि अम्मी रडत होत्या. मी दार ओढून घेतलं आणि निघून आलो. तीस वर्षं उशिराने का होईना, विचारणं सुरू झालं.

दोस्तांनो, उद्या काय होईल ते मला माहीत नाही. कळा सुरू होतील, किंवा होणार नाहीत आणि सिझेरियन करावं लागेल. मुलगा असेल किंवा मुलगी. प्रसूतिकक्षात मला आत सोडतील की नाही, हेही उद्याच कळेल. मी विचारणार आहे, नाही म्हणाले तर कारणही विचारणार आहे. तुमच्या घरी अशी वेळ येईल तेव्हा भिंती तशाच राहू द्या. तपासणीला बरोबर जा. तिला काय वाटतंय, ते तिलाच विचारा. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

आतून हाक आली. "जागा आहेस का? बघ, हात ठेव इथं. हलतंय."

थांबतो. बाकीचं नंतर.